नातं : जाऊ

८ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद तुला रोजचेच आहेत, त्यात शाई घालवत नाही. खालच्या शिंपीणबाईंनी फोनवर सांगितलंच असेल, पण त्यांना तिखटमीठ लावायची सवय, म्हणून मी नीट लिहिते. मला फोनवर ऐकू आलं असतं तर एवढा खटाटोप नसता, पण ते कान आता गेले ते गेले, समोरच्याच्या ओठांवरून कळतं तेवढंच.

सोमवारी सकाळी तुझी आई चहा ओतत होती आणि किटली तिच्या हातातून निसटली. मला आवाज आला नाही. पायाला चटका बसला तेव्हा वळून पाहिलं, तर ताईचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालेलं. शिंपीणबाईंना बोलावलं, ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. उजवी बाजू गेली आहे आणि वाचा गेली आहे. जीव आहे. डोळे तिचेच आहेत.

पहिले काही दिवस मी तिच्या उशाशीच होते. काल तिला मागच्या नव्या इमारतीत हलवलं. तिथे आत जायला पास लागतो आणि तो यंत्रातून निघतो. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "आजी, पेशंटशी नातं काय?"

मी म्हटलं, "जाऊ."

"थांबा, आधी पास होऊ दे."

"अहो, जाऊ!"

"सोडते ना आजी, घाई काय आहे?"

मागच्या रांगेतला माणूस पोट धरून हसायला लागला तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मग तिने यादी वरखाली केली. आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. जाऊ नाही. "तुम्ही त्यांना हाक काय मारता?" म्हणाली. मी म्हटलं, ताई. "मग बहीणच की!" असं म्हणून तिने बहीण टाकलं. झालं काम.

तू यायचा विचारही करू नकोस. तुझे तिथले राहण्याचे कागद अडकलेत, मध्येच देश सोडलास तर परत आत घेणार नाहीत, हे तूच लिहिलं होतंस. इतकी वर्षं तिथे हाडं झिजवलीस ती पाण्यात घालू नकोस. मी आहे ना इथे.

तुझी काकू


२० जानेवारी

काकू,

आधी रडले, मग तुझं "जाऊ" वाचून हसले, मग पुन्हा रडले. तू होतीस म्हणून आई वाचली. बाबा आणि काका एकाच गाडीच्या अपघातात गेले तेव्हापासून मी तुम्हा दोघींना एकीशिवाय दुसरी अशी पाहिलेलीच नाही. तू तिच्याजवळ आहेस एवढ्यावरच मी इथे उभी आहे.

गंमत सांगू? ती पासाची खिडकी आहे ना, यंत्राच्या पडद्यावर उघडते ती, तसल्या खिडक्या लिहिणं हेच माझं इथलं काम. त्या रुग्णालयाची नव्हे, दुसऱ्यांची. लोकांना हवं ते टाइप करू दिलं तर ते काय वाट्टेल ते लिहितात. कोणी "आई", कोणी "मम्मी", कोणी नुसतं "मी". म्हणून आम्ही आधीच शब्द ठरवून ठेवतो. त्यातला असेल तर आत, नसेल तर बाहेर. यंत्राला अर्थ कळत नाही ग, ते नुसतं जुळवून बघतं. आणि "इतर" असा पर्याय आम्ही मुद्दाम देत नाही, दिला की सगळे आळशासारखे तोच निवडतात. तुमच्या काउंटरवरची बाई हुशार निघाली म्हणायची!

आईजवळ बसून माझं पत्र तिला वाचून दाखव. ती काय करते, कुठे बघते, सगळं लिही.

तुझी भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र पोचलं. ताई बरी आहे. मी रोज जाते. पत्र वाचून दाखवलं, तिला आनंद झाला. थंडी फार आहे, तू जपून राहा. कागदांचं काय झालं?

काकू


१४ फेब्रुवारी

काकू,

हे पत्र लिहायला नको होतं असं मला पुढे वाटेल, पण लिहिते.

वॉर्डात एरवी फोन लागत नाही, लागला तर डॉक्टर दोन वाक्यं बोलतात आणि ठेवतात. काल एक नर्स भेटली. तिने सहज विचारलं, "तुमच्या घरचं कोणीच कसं येत नाही हो? इकडे आणल्यापासून भेटीच्या नोंदीत एकही नाव नाही. धुतलेल्या कपड्यांची पिशवी तेवढी काउंटरवर येते."

एकही नाव नाही, काकू. आणि तू लिहितेस, रोज जाते, पत्र वाचून दाखवलं, आनंद झाला.

तू दमली असशील, मला मान्य आहे. पण मग तसं सांगायचं. पिशवी पाठवून मोकळी होतेस आणि मला इथे खोट्या गोष्टी लिहितेस? तिने तुझ्यासाठी काय केलं नाही? तुझे कान गेले तेव्हा तू महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, तेव्हा तुझ्याशी हातांनी बोलायला तीच शिकली ना?

मी मामाला सांगते आहे. आजोबांच्या घराच्या वाटणीनंतर त्याने आमच्या दारात पाय ठेवलेला नाही, पण भाऊ आहे तिचा. कोणीतरी जायला हवं.

भिंगरी


२ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. माझे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. तू रागावलीस ते बरोबर आहे. मामांना सांगितलंस ते चांगलं केलंस.

काकू


१५ मार्च

काकू,

मामाचा फोन आला होता.

त्याने काउंटरवर "भाऊ" सांगितलं आणि चुटकीसरशी आत गेला. इतक्या वर्षांचा अबोला, पण यंत्राने त्याला एक प्रश्न विचारला नाही. आईपाशी थोडा वेळ बसला आणि उठला. बाहेर येताना त्याला तू दिसलीस. काउंटरसमोरच्या बाकावर. मांडीवर पिशवी. त्याने विचारलं, आत का नाही येत, तर तू म्हणालीस, "मला सोडत नाहीत. भिंगरीला बोलू नका." काउंटरवरच्या बाईने त्याला सांगितलं की आजी रोज येतात, दार बंद होईपर्यंत बसतात.

मामा फोनवर म्हणाला, "अगं, मी कोण? आणि आत गेलो मी."

मी तुला काय काय लिहिलं, काकू. तू गुडघ्यांचं निमित्त केलंस आणि मी तेही खरं मानलं. का नाही सांगितलंस? आता एकही गोष्ट न लपवता लिही. मी हात जोडते.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरे,

हात जोडू नकोस, ते मला शोभत नाही आणि तुलाही.

सांगते. बहीण म्हणून टाकल्यावर पुढचं पान उघडलं, त्यात माहेरचं आडनाव विचारलं. मी माझं सांगितलं. ताईचं तिथे आधीच लिहिलेलं होतं. दोन्ही जुळेनात. "दोघी सख्ख्या बहिणी आणि माहेरं दोन?" असं ते यंत्र विचारत होतं म्हणे. बिचाऱ्या बाईने तीनदा करून पाहिलं, तर खोटी माहिती दिली म्हणून माझं कार्डच बंद झालं. तिचा दोष नाही, तिने माझ्या भल्यासाठीच केलं. ती मला अजून पाणी आणून देते.

तुला का नाही कळवलं? कळवलं असतं तर तू त्याच दिवशी निघाली असतीस. तुझ्या आईला मी ओळखते. तिच्या पायी तुझे कागद गेले असते तर तिने मला जन्मभर सुनावलं असतं. तू रागावलीस तेव्हा वाटलं, बरं झालं, रागावलेलं माणूस निदान जागेवर तरी राहतं.

आता पुढचं ऐक. इमारतीच्या मागे छोटी बाग आहे आणि वॉर्डाचं काचेचं दार तिकडे उघडतं, म्हणजे उघडत नाही, कुलूपच असतं. मामांनी परत आत जाऊन सिस्टरांना सांगितलं असावं. मोठ्या सिस्टर आहेत, उंच, कपाळाला आठी. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ताईची चाकाची खुर्ची ढकलत काचेपाशी आणायला सुरुवात केली. "दार उघडायची मला परवानगी नाही, पण खुर्ची कुठे ठेवायची ते मी ठरवते," असं त्या बागेत येऊन मला म्हणाल्या.

भिंगरे, मी ऐकत नाही आणि ती बोलत नाही, मग आमच्यामध्ये काच असली काय आणि नसली काय! पहिल्या दिवशी तिने मला पाहिलं आणि डावा हात वर करून विचारलं, कुठे होतीस? मी म्हटलं, इथेच. ती रागावली. मग रडली. मग माझ्या साडीला पडलेला डाग दाखवला.

तिच्या हाताची एक खूण तुला आठवते? कोणाच्या समारंभात कंटाळलो की ती लांबून हवेत किल्ली फिरवल्यासारखी बोटं फिरवायची. म्हणजे, आटप, घरी जाऊ. आता रोज मी गेले की पहिली तीच खूण करते. मी निघाले की पुन्हा तीच.

तिला घरी यायचं आहे. सही जवळच्या नातेवाइकाची लागते, आणि माझं नाव कुठेच नाही. तू कर.

काकू


६ एप्रिल

काकू,

दहा ठिकाणी फोन केले. रुग्णालय म्हणतं, यादी आमच्या हातात नाही, कंपनीला विचारा. कंपनीत ती खिडकी लिहिणारा माणूस भेटला. भला वाटला. त्याने सांगितलं की पूर्वी तिथे कोणालाही काहीही लिहिता यायचं, आणि एक जण "पुतण्या" असं लिहून आत गेला आणि एका शुद्ध हरपलेल्या म्हाताऱ्याचा कागदावर अंगठा उठवून आला. तेव्हापासून ही आठ नाती. नवा शब्द घालायचा तर मंजुरी, तपासणी, मग पुढची आवृत्ती. मी त्याच्याशी भांडायला फोन केला होता आणि भांडू शकले नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच उत्तर दिलं असतं, याच आवाजात. मी अधिकारपत्र पाठवते म्हटलं, तर ते नोंदवायच्या खिडकीतही तीच यादी.

पण घरी न्यायचं म्हणशील तर मला धीर होत नाही. वाचेचे उपचार करणारे म्हणाले, ते तिच्यापुढे रोज चित्रांचे पत्ते मांडतात. पाणी, जेवण, झोप, दुखतंय. हवं त्यावर बोट ठेवायचं. ती एकाही पत्त्यावर ठेवत नाही, हाताने सगळे दूर सारते. म्हणून त्यांनी लिहिलं आहे, समज नाही. हाताचं ते फिरणं म्हणजे नुसता स्नायूंचा चाळा असेल म्हणाले.

आणि पुन्हा झटका आला तर? तिला हाक मारता येणार नाही, तुला ऐकू येणार नाही. मी तिला उपचारातून काढून मरणाच्या दारात ठेवल्यासारखं होईल. नको, काकू. थोडं थांबू.

भिंगरी


१६ एप्रिल

भिंगरे,

तिला पाणी नको आहे, जेवण नको आहे, झोप नको आहे. जे हवं आहे त्याचं चित्रच त्या पत्त्यांत नाही, तर ती बोट ठेवणार कशावर?

मी तिला काचेतून विचारलं, भिंगरी म्हणते थांबू या, काय करू? तिने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीचा हात धरून तोंड फिरवलं. काल मी गेले तेव्हा तिने खूण केलीच नाही. नुसती बसून होती. ते मला बघवलं नाही.

तुला भीती वाटते, मलाही वाटते. घरी आणलं की ती बरी होईल असं मी म्हणत नाही, कदाचित लवकर जाईल. पण तिथे ती जगते आहे ते कोणासाठी? तुला वाटतं आपण तिला जपतोय. तिला वाटतं आपण तिला टाकलंय.

तू तिच्या पोटची. सही तुझी चालते. नाही म्हणालीस तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, काचेशी जाऊन बसेन.

काकू


२५ एप्रिल

काकू,

तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग मोठ्या सिस्टरांना फोन केला आणि म्हटलं, एक कोरा पत्ता घेऊन त्यावर घर काढाल का? त्या म्हणाल्या, मला चित्र येत नाही. म्हटलं, चार भिंती, दार आणि वर छप्पर, एवढंच.

त्यांनी पेनने काढलं आणि बाकीच्या पत्त्यांत ठेवलं. आईने तो पत्ता उचलला. सिस्टर म्हणाल्या, छातीशी धरलाय, परत मागितला तर देत नाही. 

समज नाही म्हणे!

मी सह्या करून कागद पाठवले आहेत. मामा येईल, भाऊ म्हणून ताब्यात घेईल आणि घरी पोचवेल. तू फक्त तिची खोली तयार ठेव. काकू, मला तिथे असायला हवं होतं. खुर्चीला हात लावायला तरी.

भिंगरी


१२ मे

भिंगरे,

ताई घरी आहे. मामांनी आणि शिंपीणबाईंच्या मालकांनी मिळून तिला खुर्चीसकट वर चढवलं. मामा जिन्यात दोनदा टेकले, पण हात सोडला नाही. वर आल्यावर ते तिच्या पायाशी खाली बसले आणि ढसाढसा रडले. तिने डाव्या हाताने त्यांच्या टकलावर टपली मारली. मग दुसरी मारली. आता दर रविवारी येतात.

पहिल्याच दिवशी बाईसाहेबांनी माझी झडती घेतली. कपाट का सरकवलं? पडदे कधी धुतले? ती नसताना मी तव्याची मूठ तुटू दिली म्हणून दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला भरवते, पुसते, कूस वळवते. ती जड झाली आहे आणि मी म्हातारी, पण आमचं जमतं. झोपताना तिच्या मनगटाला माझ्या मनगटाशी ओढणीने बांधते, तिने जरा ओढलं की मला जाग येते. तुझी ती काळजी मिटली.

काउंटरवरची बाई परवा बाजारात भेटली. यंत्रात नवी नाती आली म्हणे. सासू, सून, नणंद, दीर आणि जाऊ. तिने पहिल्यांदा माझंच कार्ड सोडवलं. मला आता त्याचा उपयोग नाही. पण बाकावर माझ्या शेजारी एक सून बसायची, घरून पेज घेऊन यायची आणि ती गार झाली की परत न्यायची. ती आत गेली असेल. तुझे ते दहा फोन कोणाच्या तरी कामी आले.

तुझ्यासाठी ताईची खूण म्हणजे हवेत गरगर फिरणारं बोट. दिवसातून दोनतीनदा तरी करते, म्हणजे पत्र आलं का? भरभर लिहीत जा.

काकू


३० मे

काकू,

मामाने फोनवर सांगितलं. दोन वाक्यं बोलला आणि फोन शिंपीणबाईंकडे दिला. शिंपीणबाईंनी इतकं सांगितलं की मला त्यातलं काही खरं वाटेना.

कागद अजून आले नाहीत. मी निघालेच होते, बॅग भरून दारात ठेवली होती. मग मामा म्हणाला, आता कोणासाठी येतेस, सगळं झालं. बॅग अजून तिथेच आहे.

कशी गेली ते सांग. तिला त्रास झाला का? तिने माझी आठवण काढली का? खरं लिही. गोड करून लिहू नकोस.

भिंगरी


१० जून

भिंगरे,

खरं लिहिते.

सकाळी तिला आंघोळ घातली. पाणी कडक हवं होतं, तसं दिलं. मग खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि केस विंचरायला घेतले. तिचे केस अजून किती होते तुला माहीत आहे, टोकांशी गुंता झाला होता. मी मागे उभी होते. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. एकदा तिने डोकं माझ्या हातावर टेकवलं, मला वाटलं, सुख वाटतंय तिला. मी वेणी पूर्ण घातली, टोकाला रिबन बांधली आणि पुढे येऊन पाहिलं.

वेणी घालताना कोणत्या पेडाला ती गेली ते मला सांगता येणार नाही. तिच्या घशातून काही आवाज आला असेल तर तो मला आला नाही. हे मी मामांना सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगते. चेहरा शांत होता. त्रास झाला असं दिसलं नाही, पण मी मागे होते, म्हणून पक्कं सांगत नाही.

तुझी आठवण रोज काढायची. आदल्या दिवशी नाही काढली. त्या दिवशी तिचं सगळं लक्ष खाण्यात होतं, दोनदा मागून घेतलं. तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिलं.

तू बॅग उचलून आत ठेव. कागद मिळाले की ये, घाई करू नकोस, पण ये. मामा म्हणतात, आमच्याकडे राहायला चला. मी नाही म्हटलं. मला इथे काही कमी नाही. एवढंच की मला एकटीपुरता स्वयंपाक येत नाही. नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा चुलीपाशी ती आधीच उभी होती, त्यामुळे एका माणसासाठी किती तांदूळ घ्यायचे हे शिकायची वेळच कधी आली नाही. रोज भात जास्त होतो. आज मोजून घेतले, तरी उरला. संध्याकाळी तोच खाईन.

काकू